अल बर्शातले डॅफोडिल

ये गं, अशी लांबून काय बोलतेस. हे कागद घेऊन खिडकीपाशी बस, म्हणजे माझ्याजवळ बसल्यासारखं होईल. आणि आधी थोडं ऐकून घे. गेल्या जानेवारीत मी तुला माझ्या अंगणातल्या डॅफोडिलचा फोटो पाठवला, त्यावर तू एक अंगठा पाठवलास. नुसता अंगठा. वर तुझ्या आईला फोनवर म्हणालीस, "मावशी फेकते गं. दुबईच्या वाळूत कुठले डॅफोडिल? नर्सरीतून फुललेली कुंडी आणली असेल." बहीण माझी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. भाची असलीस म्हणून काय झालं, न बघता बोलायचं नाही.

तर कुंडी आणलेली नव्हती. ती फुलं माझ्याकडे कशी आली ते सांगते. फार काही घडलं नाही, पण सांगायला वेळ लागतो.

आम्ही तेव्हाही अल बर्शातच राहायचो. एका मोठ्या व्हिलाचे तीन भाग करून भाड्याने दिलेले, त्यातला तळमजला आमचा. पुढे गाडी लावायची जागा आणि तिच्यापलीकडे भिंतीलगत बारा-पंधरा फुटांची मातीची पट्टी. माती म्हणायची आपली, होती वाळूच. तिच्यात माझी तुळस, कढीपत्ता, एक जास्वंद आणि एक मोगरा. जिन्याने वर गेलं की रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब. त्या बाईंना मी भाभी म्हणते, त्या मला ताई. आणि शेजारच्या व्हिलात एक इंग्रज जोडपं. तुझे काका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत होते, टॉवर बांधणाऱ्या.

ते वर्ष मंदीचं, दोन हजार आठ. आधी नुसत्या बातम्या यायच्या की अमेरिकेत बँका बुडतायत. आम्ही म्हणायचो, अमेरिका कुठे, आपण कुठे. मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की समोरच्या क्रेन हलतच नाहीयेत. एरवी कपडे घालून होईपर्यंत त्यांचे हात इकडचे तिकडे झालेले असायचे. मी हे तुझ्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "तू कपड्यांकडे बघ."

पहिली झळ लागली ती इंग्रज शेजाऱ्यांना. त्याचं काम लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायचं. आता घरच कोणी घेईना, तर कर्ज कोणाला? ऑक्टोबरात त्यांनी सामान गॅरेजमध्ये मांडलं, सोफ्यावर चिठ्ठी, इस्त्रीच्या टेबलावर चिठ्ठी, मुलांच्या सायकलींवर चिठ्ठी. एका सकाळी ती बाई माझ्या दारात आली. हातात खाकी कागदाची पिशवी. म्हणाली, फ्रीज विकला गेला, संध्याकाळी घेऊन जातील, आणि हे फ्रीजमध्येच राहायला हवेत. पिशवीत डझनभर कंद. सप्टेंबरात माहेरी गेली होती तेव्हा आणलेले. दुबईतले चार वसंत तिने डॅफोडिलशिवाय काढले होते. या वर्षी करून बघायचं ठरवलं, आणि या वर्षीच गाशा गुंडाळायची वेळ आली.

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. पण तिने हातांनी नीट समजावलं. या फुलाला आधी थंडी सोसावी लागते, त्याशिवाय ते फुलायचं मनावर घेत नाही. इथे थंडी कुठली, म्हणून फ्रीज. अजून महिनाभर ठेव, मग मातीत घाल, टोक वर. आणि एक लक्षात ठेव, सफरचंदांजवळ ठेवू नकोस, फळांच्या सहवासात आतलं फूल मरतं. मी मान डोलावली, सफरचंदं वरच्या फळीवर नेली आणि पिशवी खालच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली सरकवली. तोवर मी डॅफोडिल फक्त बिस्किटाच्या डब्यावर पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई वाईहून आल्या. वय एकोणऐंशी, विमानात पहिल्यांदाच. एका हातात काठी, आणि कमरेच्या पिशवीत स्टीलच्या डबीत बाळकृष्ण. तीन महिन्यांचा व्हिसा होता. तुझ्या काकांच्या मनात त्यांना इथेच ठेवून घ्यायचं होतं, कंपनीकडून कायमचा व्हिसा करून. वाईत त्या एकट्या असायच्या, धाकटे दीर मुंबईला.

आता त्यांचा चातुर्मास कडक. कांदा, लसूण, वांगं बंद. आम्ही इथे पाळत नव्हतो, खोटं कशाला बोलू? पण त्या येणार म्हणून घरातले कांदे-लसूण मी आधीच वर भाभींकडे नेऊन ठेवले होते, आणि त्यांना सांगितलं होतं, "आम्हीही पाळतो हो आई." कार्तिकी एकादशीपर्यंतच निभवायचं होतं.

शुक्रवार होता. आम्ही दोघं बाजाराला गेलो होतो. परत आलो तर सासूबाई हॉलमध्ये ताठ बसलेल्या, माळ हातात पण हलत नव्हती. मी विचारलं, "आई, चहा टाकू?" तर म्हणाल्या, "तुझ्या हातचा नको." मला काही कळेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि भाभी खाली आल्या, हातात ताटली, ताटलीत उभा चिरलेला एक कांदा.

"ताई, हे कसले कांदे गो आणलात? आजी वर घेऊन आल्या, म्हणाल्या सुनेने लपवून ठेवलेत, आमचा चातुर्मास आहे, तुम्ही खाऊन टाका. एक चिरला तर डोळ्यातून टिपूस नाही! नुसता चिकट. आणि ही बघा हाताला खाज."

"बाकीचे, भाभी? बाकीचे कुठेत?"

"टोपलीत हायत. बिर्याणीला तळायचे होते. म्हटलं आधी ताईंना विचारते."

मी मटकन खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, "आता बसून काय होतंय? कोथिंबिरीखाली, कागदी पिशवीत! मी काय आंधळी आहे? एका डोळ्याने कमी दिसतं, दोन्ही गेलेले नाहीत. खायचेत तर समोर खा."

"आई, ते खायचे नाहीत. फुलांचे आहेत."

"फुलं फ्रीजमध्ये?"

"त्यांना थंडी लागते."

"मग थंडीच्या गावाला लावायची. वाळवंटात आणून फ्रीजमध्ये कोंडायची म्हणजे काय?"

तुझे काका तोंड फिरवून हसत होते, त्यांचा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात भाभींचा मुलगा वरून ओरडत आला. नववीत होता, कॉम्प्युटरवर शोधून आला होता. "आंटी, डोन्ट ईट इट! दे आर पॉयझनस! यू विल व्हॉमिट फॉर टू डेज!" सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण पॉयझन हा शब्द सगळ्यांना येतो. भाभी ताटली घेऊन मोरीत गेल्या आणि बराच वेळ साबणाने हात धुवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः शिरा केला. वाटीवर झाकण ठेवून काठी टेकत एक-एक पायरी चढून वर दिला आणि परत आल्या. भाभींनी वाटी घासूनपुसून परत पाठवली आणि तिच्यात चार खजूर.

मग सासूबाईंनी वरून परत आलेल्या कंदांतला एक हातात घेतला. वरचं साल नखाने उकललं, वास घेतला, बुडाकडची मुळांची चकती बोटाने चाचपली. "हा तर निशिगंधाच्या जातीतला दिसतोय," म्हणाल्या. "माहेरी आमचा अर्धा एकर निशिगंध होता. आधी बोलायला काय झालं होतं तुला?" त्या दिवसापासून ते कंद माझे राहिले नाहीत. रोज फ्रीज उघडून पिशवीत हात घालायच्या. एक मऊ लागला म्हणून कोथिंबिरीचा ओलावा लागतो असं ठरवून कोथिंबीरच कप्प्यातून बाहेर काढली. कोथिंबिरीचं काय करायचं ते माझं मी बघायचं.

डिसेंबर उजाडल्यावर आम्ही ते लावले. नर्सरीतून मातीचं पोतं आणलं. सासूबाईंनी किंमत विचारली. वीस दिरहम. "म्हणजे आपले?" अडीचशे रुपये. "मातीला?" त्या पोत्याकडे बघत राहिल्या. "गावी सांगू नका कोणाला." मग पाटावर बसून त्यांनी सांगितलं आणि मी लावलं: टोक वर, कंदाच्या दुप्पट खोल, बोटभर वाळू खाली म्हणजे पाणी साचणार नाही. चार कुंडीत, बाकीचे भिंतीलगत, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल असे. मी सवयीने स्नानानंतर तुळशीला घालायचा तांब्या कंदांवरही ओतला तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. "तुळस पिते. हे झोपतात. झोपलेल्याच्या तोंडावर पाणी ओतायचं नसतं."

पण मला आवरलं तरी तुझ्या काकांना कोण आवरणार? डिसेंबरच्या मध्यावर कंपनीने त्यांना बिनपगारी लांब रजेवर पाठवलं. साइट बंद. तीस वर्षं सकाळी सहाला घराबाहेर पडणारा माणूस आता दहापर्यंत बनियनवर. त्यांना काय करावं सुचायचं नाही, म्हणून पाइप घेऊन अंगणात. सकाळी पाणी, दुपारी पाणी, मी झोपले असले की पुन्हा पाणी. सासूबाई खिडकीतून ओरडायच्या, "अरे, ते कंद आहेत, भाताचं खाचर नाही!" हे म्हणायचे, "आई, इथे उन्हाने सुकतं." तीन कंद कुजले. सासूबाईंनी ते उकरून काढले, कागदावर ठेवले आणि कागद ह्यांच्या नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानंतर पाइपला हात लागला नाही.

नव्या वर्षात हिरवी पाती वर आली. अगदी कांद्याच्या पातीसारखी. भाभी जिन्यावरून म्हणाल्या, "आजी, पात आली की! झुणका करू?" सासूबाई म्हणाल्या, "कर हो. आधी तुझ्या नवऱ्याला वाढ, मग आम्ही बघू." दोघी हसल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसले. एवढ्या महिन्यांत तो विषय पहिल्यांदाच निघाला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या काकांना पत्र मिळालं. लांब रजा संपली आणि नोकरीही. व्हिसा रद्द करायच्या आधी कंपनीने थोडी मुदत दिली, तेवढ्यात दुसरी शोधायची. ते ऑफिसात गेले तेव्हा आईच्या व्हिसाचंही विचारलं. व्हिसाची कामं बघणारा तिथला माणूस म्हणाला, "मदर व्हिसा खलास. फर्स्ट यू फाइंड जॉब, देन मदर. इन्शाल्ला." म्हणजे सासूबाईंना महिन्याच्या शेवटी, व्हिसा संपायच्या आत जायलाच हवं होतं.

जेवताना ह्यांनी त्यांना सांगितलं. नोकरीचंही आणि जाण्याचंही. सासूबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मग ते फूल?"

हे चिडले. "आई, इथे माझी नोकरी गेली आणि तुला फुलाचं पडलंय!"

"नोकरी तुझी तू बघशील. तेवढं शिकवलंय तुला. फूल मी बघायला नको?"

मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला होता, आता येत नाही. त्यांनी मुलाकडे स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी नाही, चष्मा नाही. धाकटे दीर सात वर्षांचे असताना सासरे गेले, तेव्हापासून त्या घरचं आणि दुसऱ्यांचं करत राहिल्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, उजव्यात सुरू झाला होता; गावी गेल्यावर ऑपरेशन ठरलेलं. आपण लावलेलं नवं झाड, त्याचं पहिलं फूल आपल्या डोळ्यांनी बघावं आणि बाळकृष्णाला वाहावं, एवढंच. दोनदा तरी त्या म्हणाल्या, "दोन-चार दिवस पुढे ढकलता येणार नाही का रे?" हे म्हणाले, "आई, व्हिसा आहे, एसटीचं रिझर्व्हेशन नाही. एक दिवस जास्त झाला तर दंड, आणि परत यायचं तर अडचण." मग त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त सकाळ-संध्याकाळ अंगणात जायच्या.

वीस तारखेच्या सुमाराला पहिली कळी दिसली, कुंडीतल्या एकाला. पातींच्या मधून हिरवा दांडा, टोकाला पेन्सिलीसारखी टोकदार कळी, सरळ वर बघणारी. सासूबाई बोटाच्या पेराने मोजायच्या. काल दीड पेर, आज दोन. मग ती कळी हळूहळू मान वाकवायला लागली. मला वाटलं सुकली. त्या म्हणाल्या, "सुकली नाही. वाकते आहे म्हणजे आत वजन भरतंय."

जायला चार दिवस उरले. मी कुंडी उचलून स्वयंपाकघरात आणली, गॅसजवळच्या ओट्यावर ठेवली. उबेत लवकर उमलतं असं भाभींच्या मुलाने वाचून सांगितलं होतं. सासूबाईंनी बघितलं आणि मला कुंडी परत बाहेर न्यायला लावली.

"अहो आई, दोन दिवस लवकर उमललं तर तुम्हालाच बघता येईल."

"बाळंतिणीला पळवतात का गं? दिवस भरले की होईल. तुझ्या फोडणीच्या धुराने उमललेलं मला नको."

मी पुन्हा आग्रह केला नाही. आता वाटतं, रात्री त्यांच्या नकळत तरी आत आणायला हवी होती. कोण जाणे, त्याने काही झालं असतं की नाही.

जायच्या दिवशी सकाळी कळीवरचं पातळ कागदासारखं आवरण एका बाजूने उकललं होतं आणि आतून पिवळी रेघ दिसत होती. दोऱ्याएवढी. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या. विमान दुपारचं. अकराला निघायचं होतं. साडेनऊला मी म्हटलं, "आई, कापून देऊ? ओल्या फडक्यात गुंडाळून नेता येईल. दिरांच्या घरी पाण्यात ठेवलंत की उमलेल, ती इंग्रज बाई म्हणाली होती." मी कात्री घेऊनच बाहेर आले होते.

त्यांनी डबी असलेल्या पिशवीवर हात ठेवला. म्हणाल्या, "नको. कळी वाहत नाहीत देवाला."

"वाहू नका. नुसतं बघा. तिथे उमलल्यावर मग वाहा."

"तोडलं कळी असताना ना? मग ते कळीच." आणि काठी घेऊन उठल्या. दारातून वळून एवढंच म्हणाल्या, "पहिलं फूल माझ्या नावाने वाह. विसरू नकोस." ह्यांनी बॅगा गाडीत टाकल्या आणि उगाच मोठ्याने "यल्ला, यल्ला, उशीर होतोय" करत राहिले. भाभी खाली आल्या होत्या, सासूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवून आतला माणूस त्यांना घेऊन गेला.

फूल तिसऱ्या दिवशी उमललं.

मी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा धुकं होतं. जानेवारीत इथे पडतं कधीकधी, समोरची भिंतही दिसत नाही. त्या पांढऱ्यात ते पिवळं उभं होतं. सहा पाकळ्या आणि मध्ये पेल्यासारखी नळी, तिची कड चुरगळलेली. पिवळा म्हणजे झेंडूचा भडक नाही. पाकळ्या फिकट, ताज्या लोण्यासारख्या, आणि पेला गडद. वास फार नाही. वाकून नाक लावलं तर ओल्या गवतासारखा काहीतरी. मी दूध विसरले आणि तिथेच पायरीवर बसले. तुझे काका चहा घेऊन आले, ते पण बसले. दाढी वाढलेली, अंगावर आदल्या दिवशीचाच शर्ट. नोकरीचा विषय त्या दिवशी पहिल्यांदा नाश्त्यापर्यंत निघाला नाही.

मग रोज एक-एक करत बाकीची आली. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, रस्त्याकडे, जिकडून उजेड येतो तिकडे. त्यामुळे आम्हाला घरातून त्यांची पाठ दिसायची आणि बघायला फाटकाबाहेर जाऊन उभं राहावं लागायचं. आपलीच फुलं बघायला आपण परक्यासारखं रस्त्यावर उभं! कंपाउंडातले लोक थांबायचे. ज्या व्हिला रिकाम्या झाल्या नव्हत्या त्यांतले सगळेच येऊन गेले. वॉचमन केरळचा, त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला आणि बायकोला पाठवला. भाभी म्हणाल्या, "ही तर शायरीतली नर्गिस गो. मी हिला तळणार होते!" आणि दोन्ही कानांना हात लावले. उमललेलं प्रत्येक फूल आठ-दहा दिवस राहिलं. त्यातलं एकही मी तोडलं नाही.

हो, पहिलंही नाही. सासूबाईंचा फोन रात्रीच्या जेवणाआधी आला तेव्हा मी तयारी करून बसले होते, काय सांगायचं त्याची.

"उमललं?"

"उमललं, आई."

"कसं आहे?"

मी सांगितलं. रंग, पाकळ्या, चुरगळलेली कड, सगळं. त्या मध्येमध्ये "हं" करत होत्या.

"वाहिलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. कांद्यांचं बोललेच होते की. पण म्हटलं, "नाही आई. तुम्ही बघितलं नाही, आणि माझ्याच्याने ते तोडवेना. झाडावरच आहे."

मला वाटलं आता ऐकवतील.

"लोक बघतात का?"

"येऊन-येऊन बघतात."

"मग राहू दे," म्हणाल्या, आणि फोन दिरांकडे दिला.

ह्यांनी फोटो ई-मेलने दिरांना पाठवला, त्यांनी दुकानातून छापून आणून दिला. रंग बरोबर आला नव्हता, लिंबाच्या सालीसारखा हिरवट आला. तो त्यांनी देवघरात बाळकृष्णामागे टेकवून ठेवला होता, असं दिरांनी सांगितलं. एक फोटो इंग्रज शेजारणीलाही पाठवला, पण पत्ता नवऱ्याच्या जुन्या ऑफिसचा होता, तो परत आला.

एप्रिलमध्ये तुझ्या काकांना शारजाच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात काम मिळालं. पगार कमी, रोज दीड तास ट्रॅफिक, पण व्हिसा झाला आणि आम्ही राहिलो. पाती पिवळी पडल्यावर मी कंद काढून सावलीत वाळवले, सप्टेंबरात फ्रीजमध्ये ठेवले. वर्षभर सासूबाईंना फोनवर सगळं सांगायचे, त्या तिकडून सूचना द्यायच्या. ह्यांनी त्यांचा व्हिसा काढून पाठवला. तर लांबलेलं डोळ्याचं ऑपरेशन तेव्हाच निघालं, डॉक्टर म्हणाले विमान नको. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येते, तोवर डोळाही नवा होईल." पुढच्या वर्षी डोळा चांगला होता, पण गुडघा धरला. "या वर्षी राहू दे गं, फूल काय दर वर्षी येतं." तिसऱ्या वर्षी श्रावणात त्या गेल्या. ह्यांना पोचायला एक दिवस उशीर झाला.

फूल दर वर्षी येतं, हे त्यांचं खरं आहे. पण तेच येत नाही. इथल्या उन्हाळ्यात कंद दमतात, दर वर्षी बारीक होत जातात. त्या इंग्रज बाईच्या डझनातला आता एकही उरलेला नाही. मी नवे मागवते, आता इथल्या मोठ्या नर्सरीत मिळतात. कांदे मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवते, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिते.

हे तुला का सांगतेय? तू चार वर्षं म्हणतेस, मावशी पुढच्या हिवाळ्यात नक्की येते. ऑफिस, मुलाची परीक्षा, मग फ्लॅटचा ताबा. मी समजू शकते. सासूबाईंनाही समजलं होतं. पण मला आता अंगठे नकोत आणि फोटोंचीही हौस फिटली. यंदाचे कंद गेल्या शनिवारी मातीत घातले, भिंतीलगतच, सगळे मिळून पंधरा. तुझ्या काकांना मी पाइपला हात लावू देत नाही. मुलाला घेऊन ये, त्याला धुकंही दिसेल. पासपोर्टची प्रत काकांना पाठव, व्हिसाचं ते बघतील, आणि परतीचं तिकीट मोकळं ठेव, चार दिवस इकडेतिकडे झाले तर अडायला नको. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आत पोच. ये गं बाई, लवकर ये.